बांधावरच्या ऐनाची नवी साल

जरा जवळ या, मित्रांनो, आणि माझ्या अंगाला हात लावून बघा. घाबरू नका, चावत नाही मी. मगरीच्या पाठीसारखी ही खरखरीत, चौकोनी भेगांची साल बघून पुष्कळ जण हात मागे घेतात. मी ऐन. गावात मला आयन म्हणतात. निडी स्टेशनावर उतरून गावाकडे यायला लागलात की ओढा लागतो आणि ओढा ओलांडला की भाताच्या खाचरांमधला रुंद बांध. त्या बांधावर मी शंभराच्या आसपास पावसाळे काढले आहेत. नक्की आकडा विचारू नका, माझ्या जन्माच्या वेळी कुणी पाटी-पेन्सिल घेऊन उभं नव्हतं.

आता हात हळूहळू वर न्या, तुमच्या बाबांच्या छातीच्या उंचीपर्यंत. लागलं काही वेगळं? सगळ्या बुंध्याभोवती हातभर रुंदीचा एक पट्टा आहे. उगवतीच्या बाजूला तो मऊ, पातळ, करड्या सालीचा. मावळतीच्या बाजूला मात्र काळं पडलेलं उघडं लाकूड आणि त्याच्या कडेनं आत सरकत येणारी जाड सालीची झालर. या पट्ट्यापायी मी मरता मरता वाचलो. माझ्या मालकाच्या घरातली तीन माणसं त्यात गुंतली होती आणि तिघांचीही माझ्यावर माया होती. तीच गोष्ट मला सांगायची आहे. पण ती कळायला आधी साल म्हणजे काय हे कळायला हवं, म्हणून थोडं मागे जातो.

माझं बी पाच पंखांचं. वाऱ्यावर गरगरत आलं आणि या बांधावर पडलं. माझा आत्ताचा मालक दाजी, त्याचा आजा हैबतराव तेव्हा बांधावरचं गवत कापत होता. विळा माझ्या मानेशी आला आणि थांबला. "आयन हाय. राहू दे, राबाला होईल," असं तो म्हणाला आणि पुढं गेला. एवढ्यावर माझं आयुष्य ठरलं बघा.

तेव्हा माझं अंग बोटाएवढं, वर हिरवी, नाजूक कातडी. बकरीनं जीभ लावली तरी निघेल अशी. पुढच्या वर्षी मी आतून जाड व्हायला लागलो आणि ती कातडी मला गेल्या वर्षीच्या झबल्यासारखी घट्ट होऊ लागली. आता फाटणार, असं वाटायला लागलं आणि तेवढ्यात कातडीच्या खालीच एक थर जागा झाला. इतका पातळ, की तुम्हाला डोळ्यांनी दिसायचा नाही. त्यातल्या बारीक बारीक पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार होऊ लागल्या. बाहेरच्या बाजूला ढकललेली प्रत्येक पेशी आपल्या भिंतींना आतून मेणचट लेप द्यायची आणि लेप देऊन झाला की मरून जायची. मेल्यावर तिच्यात उरायची नुसती हवा. तुमच्या घरी जुन्या बाटलीला बूच असतं ना? ते अशाच पेशींचं, दुसऱ्या एका झाडाचं.

ऐकायला वाईट वाटतं, की माझं रक्षण मेलेल्या पेशी करतात. पण त्या अशा काही खांद्याला खांदा लावून उभ्या राहतात की आतलं पाणी बाहेर जात नाही, बाहेरचा किडा आत येत नाही आणि उन्हाची झळ आतवर पोचत नाही. श्वास घ्यायला तेवढे मधे मधे बारीक ठिपके मोकळे सोडलेले असतात. मी आणखी जाड झालो की तो बुचाचा थर ताणून ताणून तडकतो. मग त्याच्या आत नवा थर जागा होतो, तोही पुढं तडकतो, मग आणखी आत आणखी एक. जुने थर मी टाकून देत नाही, अंगावरच ठेवतो. तुम्ही ज्याला भेगा म्हणता ती माझ्याच जुन्या कपड्यांची चळत आहे.

या कोरड्या सालीच्या आत एक ओली, जिवंत साल असते. पानांनी उन्हात शिजवलेलं जेवण तिच्यातून खाली मुळांना जातं. तिच्याही आत एक बुळबुळीत पदर आणि त्याच्या आत लाकूड. एवढं एकच नीट लक्षात ठेवा, मित्रांनो: पाणी वर चढतं ते लाकडातून आणि जेवण खाली उतरतं ते सालीतून. बाकी सगळं विसरलात तरी मी रागावणार नाही.

जाड साल झाल्यावर मी कामाला लागलो. दरवर्षी थंडी सरत आली की घरातलं कुणीतरी कोयता घेऊन माझ्यावर चढायचं आणि पानांच्या फांद्या, म्हणजे टाळ, तोडायचं. ती टाळ खाचराच्या एका कोपऱ्यात पसरून, वाळवून, जाळायची. त्याला राब भाजणं म्हणतात. भाजलेल्या जागेत भाताचं रोप जोमानं येतं. आधी हैबतराव चढायचा, मग त्याचा मुलगा, मग दाजी. दाजी तर पायाच्या अंगठ्यानं माझ्या भेगा चाचपत असा वर यायचा की मला गुदगुल्या व्हायच्या. प्रत्येक फांदीला शेंड्याकडं चार पानं ठेवूनच तो उतरायचा. राबाची आग माझ्यापासून दहा पावलांवर पेटायची. पौषात पोरंटोरं वालाच्या शेंगा मडक्यात भरून पोपटी लावायची, तीही माझ्याच बुडाशी. धग लागायची, पण बुचानं ती आत येऊ दिली नाही.

खाडीकडची माणसंही यायची. माझ्या ओल्या सालीचा लाल रंग सुती जाळ्यांना दिला की जाळी खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाहीत. दाजीची थोरली बहीण शांती खाडीकाठच्या गावात दिली होती. तिचा सासरा दोन वर्षांतून एकदा यायचा, माझ्या बुडाला नारळ ठेवायचा आणि एकाच अंगाची, पंजाएवढ्या रुंदीची साल काढून न्यायचा. "हा नसता तर आमच्या जाळ्यांनी पावसाळा काढला नसता," असं तो चारचौघांत म्हणायचा. ते ऐकून मी पुढचे चार दिवस ताठ असायचो, खोटं कशाला सांगू!

मग नायलॉनची जाळी आली. सालीचं नाव कुणी काढेना. राबही कमी झाला. दाजीचा मुलगा जितेश धाटावला कंपनीत लागला. पहिली शिफ्ट, दुसरी शिफ्ट, मोटारसायकल बांधाखालच्या रस्त्यावरून भुर्रकन जायची आणि यायची. मान वर करून बघणारं कुणी उरलं नाही. शांती तेवढी विधवा होऊन भावाकडं परत आली होती. ती दोन शेळ्या घेऊन माझ्या सावलीत बसायची आणि सगळ्या घराची उणीदुणी मला सांगायची. घरात घडलेलं मला जे ठाऊक आहे, ते तिच्याकडूनच.

गेल्या उन्हाळ्यात ती आली आणि म्हणाली, "दाजीची छाती चिरली रे. मोठं ऑपरेशन. वाचला म्हणतात." आणि पदरात तोंड घालून रडली.

दाजी घरी आला, पण ओटीच्या पुढं जाईना. हळूहळू चालत जा, रोज थोडं थोडं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो विहिरीपर्यंत जायचा आणि घाबरून परत फिरायचा. झाडावर चढणारा माणूस तो! जितेश बापाकडं बघायचा आणि कामावर जायचा, परत यायचा आणि पुन्हा बघायचा. मनातून पार खचला होता पोरगा. माणूस असा खचला की त्याला काहीतरी करून टाकावंसं वाटतं.

आषाढातली दुपार होती. लावणी उरकली होती, आभाळ भरलेलं, हवा दमट. जितेश पहिली शिफ्ट करून थेट माझ्याकडं आला, हातात कंपनीतली धारदार सुरी आणि एक गोणी. मला आनंद झाला. म्हटलं, आठवण झाली वाटतं. त्यानं माझ्याभोवती वर एक गोल काप घेतला, हातभर खाली दुसरा गोल काप, दोघांना जोडणारा एक उभा, आणि बोटं घालून ओढलं. पावसाळ्यात माझी साल आतून सुटी असते. आख्खी साल सदऱ्यासारखी निघून आली, चोहोबाजूंनी.

मित्रांनो, दुखण्यापेक्षा मला भीती जास्त वाटली. आत्ताच सांगितलं ना तुम्हाला, जेवण खाली उतरतं ते सालीतून? ती वाटच तुटली. पाणी वर जाणार, पानं हिरवीगार राहणार, आणि खाली मुळं उपाशी. बाहेरून कुणाला काही कळायचं नाही. मी दिवाळीपर्यंत हिरवा दिसेन आणि पुढच्या वैशाखात मला पालवी फुटणार नाही. असा ऐन मी पाहिला आहे, ओढ्यापलीकडं उभा होता. आता नाही.

संध्याकाळच्या गाडीनं जितेशची बायको मृणाली पेणहून आली. तिचं माहेर पेणचं, भावाचा गणपतींचा कारखाना. सीझनला ती रोज तिकडं जाते. मूर्तीचे डोळे आखण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. बांधावरून येता येता तिला मी दिसलो. ती थबकली, "अगो बाय!" म्हणाली आणि घराकडं पळत सुटली. पाच मिनिटांत नवऱ्याला पुढं घालून परत आली.

"बाबांसाठीच काढली गो," जितेश सांगत होता. "कंपनीतल्या एकानं मोबाईलवर पाठवलंय. छातीच्या दुखण्याला सालीचा काढा देतात."

"अहो, ती अर्जुनाची साल! हा आयन हाय."

"एकाच जातीची ना दोन्ही? चुलतभाऊ."

"मग उद्या बाबांच्या गोळ्या तुमच्या चुलत्याला चारा," मृणाली म्हणाली. "आणि आख्खी गोल कशाला सोललीत?"

जितेश खाली बघायला लागला. तो कंपनीत पाइपांच्या वेष्टनाचं काम करतो. गरम पाइपाला उष्णता राहावी म्हणून जाड गुंडाळी असते, ती जुनी झाली की काढायची आणि नवी चढवायची. "आमचं लॅगिंग असंच काढतात," तो हळू आवाजात म्हणाला. "दोन गोल काप, एक उभा. अर्धवट सोडलं तर सुपरवायझर बोंबलतो. मला वाटलं, येईल परत."

बिचाऱ्यानं मला पाइप समजून सोललं होतं.

मृणालीच्या पिशवीत घरच्या गणपतीसाठी आणलेला शाडूचा गोळा होता. तिला वाटलं, झाडाला माती लिंपावी. पण ती मूर्तिकाराची लेक. मूर्तीचा हात मोडला तर ती आधी काय करते? मोडलेली जागा घासून साफ करते, म्हणजे माती नीट धरते. माझ्या अंगावर तिला तो बुळबुळीत पदर दिसला आणि तिला वाटलं ही घाण आहे. तिनं काथ्याचा बोळा घेतला आणि मावळतीच्या बाजूनं घासायला सुरुवात केली, खसाखसा. किती मायेनं घासत होती! आणि मी आतल्या आत ओरडत होतो, अगं बाई, थांब! झाडाचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

अर्धं अंग घासून झालं आणि बांधावरून खणखणीत आवाज आला, "काय करतंस गो? त्याचा जीव खरवडतंस का?"

शांती होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात साडीचा ओचा, चौऱ्याहत्तराव्या वर्षी धावत आली होती.

"साफ करते आत्या," मृणाली दचकून म्हणाली. "शेंबडासारखं चिकट हाय ना, त्यावर माती धरायची नाय."

"शेंबूड तुझ्या नवऱ्याला पुसता येत नाय! तो चिकट पदर म्हणजेच उद्याची साल. माझा सासरा येवढी वर्षं साल न्यायचा, पण पंजाहून रुंद नाय आणि एकाच अंगाची. सोलल्यावर कुणाला बोट लावू द्यायचा नाय. वरनं केळीचं पान बांधायचा, वारा लागू नये म्हणून. आणि आपल्या घरचा हा शहाणा गोल सोलतो!" मग ती जितेशकडं वळली. "आणि डॉक्टरला विचारलंस? त्याच्या गोळ्या चालू हायत. काढा दिलास नाय ना?"

"नाय दिला अजून," जितेश म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "आत्या, मरंल का हा?"

"सुकला तर मरंल. उभा काय राहिलास? तुझ्या कंपनीत गुंडाळतात ना, मग गुंडाळ!"

मग मात्र जितेशचे हात असे चालले म्हणता! तो घरून पारदर्शक प्लास्टिक घेऊन आला. वरच्या आणि खालच्या जुन्या सालीवर बांबूच्या पट्ट्या बांधल्या, म्हणजे प्लास्टिक उघड्या अंगाला टेकणार नाही. पाइपालाही तो असंच अंतर सोडतो. त्यावरून प्लास्टिक एकसारखं ताणलं, एक सुरकुती नाही. वरची आणि खालची फट मृणालीनं शाडूनं लिंपून बंद केली, मूर्तीच्या पाटाची कड सांधावी तशी, पावसाचा थेंबही आत जाणार नाही अशी. ऊन लागू नये म्हणून वरून गोणपाट. दोघांच्या हातांच्या ज्या सवयीनं घात केला, त्याच सवयीनं माझी मलमपट्टी केली. शांती काठीवर रेलून सूचना देत होती आणि मधून मधून दोघांना शिव्या घालत होती.

निघताना तिनं ठरवून टाकलं, "दाजीला सांगायचं नाय. त्याच्या बापाच्या, आज्याच्या हातचं झाड. धसका घेईल."

पुढचे दिवस फार कठीण गेले. घासलेल्या बाजूचं लाकूड सुकत गेलं, मग काळवंडलं. तिथून काही होणार नाही हे मला कळून चुकलं. उगवतीच्या बाजूला मात्र तो बुळबुळीत पदर शाबूत होता, ओला, अंधारात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यात हालचाल झाली. पेशी पुन्हा एकीच्या दोन, दोनाच्या चार होऊ लागल्या. पांढरट पुरळासारखे दाणे उठले, दाणे एकमेकांना मिळाले, एक मऊ पापुद्रा तयार झाला. मग, तीनेक आठवड्यांनी, त्या पापुद्र्याच्या वरच्या अंगाला तोच जुना ओळखीचा थर जागा झाला. बोटाएवढा होतो तेव्हा झाला होता तोच. बाहेर ढकललेल्या पेशींनी भिंतींना मेणचट लेप दिला आणि त्या मरून पहाऱ्याला उभ्या राहिल्या. त्यांच्या आडोशाला आत नवी ओली साल धरू लागली. शंभर वर्षांचा म्हातारा मी, पुन्हा लहानपणची कातडी अंगावर आली! मला हसू येत होतं आणि रडूही.

पण ही अर्धी वाट मुळांना पुरेल का? ते मलाही ठाऊक नव्हतं.

ओटीवरून दाजीला माझा शेंडा आणि गोणपाट दिसत होतं. "आयनाला काय बांधलंय रे?" त्यानं एकदा विचारलं. जितेश म्हणाला, "वाळवी लागलीय बाबा, औषध मारलंय." नंतर दाजी शांतीला म्हणाला, "ह्याला खोटं बोलता येत नाय. आईवर गेलाय." तरी त्यानं पुढं काही विचारलं नाही.

काढलेली साल वाया घालवणं शांतीच्या स्वभावात नाही. काढा द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी जितेशला स्पष्ट सांगितलं होतं. मग तिनं ती साल मोठ्या पातेल्यात उकळली. लाल-तपकिरी पाणी निघालं. मृणालीनं घरच्या मूर्तीसाठी पांढरं कापड आणलं होतं. हल्ली मूर्तीला खरं धोतर नेसवतात. ते तिनं त्या रंगात बुडवून वाळवलं. गणपती पाटावर बसला तेव्हा सगळे धोतराकडंच बघत होते.

दाजी आरतीला खुर्चीवर बसला होता. आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि तो मृणालीला म्हणाला, "धोतर कुठल्या रंगात काढलंस गो?" ती शांतीकडं बघायला लागली. शांती छताकडं. दाजी उठून पुढं झाला, कापड दोन बोटांत धरून त्यानं वास घेतला. "हा जाळ्याचा रंग. शांतेच्या सासरी दोरीवर सुकत घातलेली जाळी मी लहानपणी बघितलीत." मग वळून म्हणाला, "कुणी सोलला माझा आयन?"

"मी, बाबा," जितेश म्हणाला. "तुमच्यासाठी." आणि सगळं सांगून टाकलं, पाइपापासून काथ्यापर्यंत. मृणालीनं पाण्याचा तांब्या आणि गोळ्यांचा डबा आधीच हाताशी घेतला होता. दाजीनं उरलेला मोदक शांतपणे संपवला. "उद्या सकाळी मला तिथं न्या," एवढंच बोलला.

विहिरीच्या पुढं न जाणारा माणूस, मित्रांनो, दुसऱ्या दिवशी विहीर मागं टाकून आला. तीनदा थांबला. एकदा तर वाटेतल्या दगडावर बराच वेळ बसून राहिला आणि मला वाटलं, आता परत फिरणार. पण आला. जितेशनं गोणपाट सोडलं, प्लास्टिक सोडलं. दाजीनं उगवतीच्या बाजूला तळवा ठेवला. नव्या सालीवर पहिला हात त्याचा. मग मावळतीचं काळं लाकूड बघितलं, जीभ टाळ्याला लावून चुकचुकला आणि बांधावर बसला. सदऱ्याची वरची दोन बटणं काढून छातीवरचा लांब व्रण त्यानं मला दाखवला. "बघ," मला म्हणाला, "माझी पण शिवून आणलीय. तुझी माझ्याहून बरी झालीय."

शांती फिसकन हसली. मृणालीही हसली. जितेश मात्र रडत होता.

"मी जाईन म्हणून घाबरलास ना?" दाजीनं विचारलं.

"व्हय, बाबा."

"मी पण घाबरलेलो. पण घाबरून हात चालवायचा नाय, पोरा. आधी विचारायचं. मी बसलेला होतो ना घरात?"

त्या दिवसापासून दाजी रोज सकाळी माझ्यापर्यंत चालत येतो, नव्या सालीवर हात ठेवतो आणि परत जातो. डॉक्टरांनी सांगितलेलं अंतर याहून कमी होतं, असं शांती सांगते.

थंडी सरत आली, टाळ तोडायचे दिवस आले. जितेश कोयता घेऊन आला, पाठोपाठ दाजी. दाजी म्हणाला, "ह्या साली टाळ नाय. पानं त्याची त्यालाच लागतील. अर्ध्या वाटेनं जेवतोय तो." राबाला दुसऱ्या बांधावरची झाडं घेतली. पोपटीही यंदा माझ्यापासून लांब, खाचराच्या मधोमध लागली. शेंगांचा वास तेवढा आला.

मग माझी पानं गळाली. ती दरवर्षीच गळतात, पण यंदा प्रत्येकाला धास्ती होती. चैत्र गेला. वैशाखात खालच्या बांधावरच्या ऐनाला पालवी आली. मला नाही. शांती रोज फांदी वाकवून बघायची आणि शेळ्यांकडं जायची. मृणाली गाडीला जाता-येता थांबायची. दाजी हात ठेवायचा, पण वर बघायचा नाही. मी जोर लावत होतो, मित्रांनो. खाली मुळांत वर्षभराचं जेवण किती साठलं होतं, ते खरवडून खरवडून वर आणत होतो.

पंधरा दिवस उलटले. एका दुपारी जितेश पहिली शिफ्ट करून येत होता. मोटारसायकल रस्त्यावर थांबली. हेल्मेट काढून तो वर बघत उभा राहिला. मग बांधावर चढला आणि एवढ्या मोठ्यानं ओरडला, की ओढ्यातले बगळे उडाले, "बाबा! फुटला! आयन फुटला!"

उगवतीच्या बाजूच्या फांदीवर तांबूस, लवदार तीन कोंब होते. फार नव्हते. पण माझेच होते.

दाजी आला, या खेपेला न थांबता. मान उंच करून त्यानं बघितलं आणि मुलाला दटावलं, "ओरडू नको, दृष्ट लागंल." मग स्वतःच हसायला लागला.

मित्रांनो, माझी मावळतीची बाजू भरून यायला आणखी वीस वर्षं लागतील. कडेची झालर दरवर्षी बोटभर पुढं येते, घाई तिला ठाऊक नाही. तोवर तुमच्याकडं एकच मागणं. झाडावर नाव कोरू नका, बुंध्याला तार आवळून ठेवू नका, आणि कधी साल घ्यावीच लागली तर पंजाएवढी, एकाच अंगाची घ्या आणि घेण्याआधी जाणत्याला विचारा. आम्ही नवी साल आणू शकतो. फक्त तो ओला पदर आमच्यापाशी राहू द्या.

काल दाजी माझ्या बुडाशी बसून जितेशला सांगत होता, "दोन वर्षं ह्याला हात लावायचा नाय. मग तू चढायचं. मी खालनं सांगंन कुठली फांदी ठेवायची ते." जितेशनं विचारलं, "दोन वर्षांनी तुम्ही याल इथपर्यंत?" दाजीनं नव्या सालीवर थाप मारली आणि म्हणाला, "ह्याला विचार." मी बोलू शकत नाही, पण वाट बघू शकतो. कोयत्याची वाट बघणारा ऐन तुम्ही कधी पाहिला नसेल, तर निडीला उतरा, ओढा ओलांडा आणि मला बघून जा.